गोळ्या तीस दिवसांच्या, तारीख पस्तीस दिवसांनी

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हा शल्य चिकित्सक,
तसेच ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक

विषय : मानसिक आजाराच्या औषधांवर असलेल्या रुग्णांना पुढची तारीख देण्याची पद्धत बदलण्याबाबत

महोदय / महोदया,

'मानसोपचार ओपीडी : महिन्याचा दुसरा मंगळवार' अशा धर्तीची पाटी अनेक तालुक्यांत दिसते. कुठे पहिला गुरुवार असतो, कुठे तिसरा शुक्रवार. पाटी लक्षात ठेवायला सोपी, पण हिशेबात चुकीची. दोन दुसऱ्या मंगळवारांमधले अंतर कधी २८ दिवसांचे असते, तर कधी ३५ दिवसांचे. वर्षातल्या बारा अंतरांपैकी साधारण आठ २८ दिवसांची आणि चार ३५ दिवसांची निघतात. औषध मात्र दहा गोळ्यांच्या तीन स्ट्रिप, म्हणजे ३० दिवसांचे दिले जाते. रुग्ण सांगितलेल्या तारखेला न चुकता आला, तरी वर्षातून चार वेळा त्याच्याकडे पाच-पाच दिवस गोळी नसते. मग केसपेपरवर नोंद पडते : 'औषध नियमित घेत नाही'.

कुणी म्हणेल, २८ दिवसांच्या फेरीत दोन गोळ्या उरतात, त्या जपून ठेवाव्यात. आठ फेऱ्यांत सोळा गोळ्या उरतात आणि चार फेऱ्यांत वीस कमी पडतात. काटकसरीने संसार करणाऱ्या बायका हे गणित आपोआप जुळवतातही. पण रुग्णालयाचे वेळापत्रक त्यांच्या काटकसरीवर चालावे, हे काही बरे नाही.

सुट्टी आली की प्रकरण आणखी बिघडते. २०२६ चे कॅलेंडर उघडून पाहा. एप्रिलचा दुसरा मंगळवार १४ तारखेला, म्हणजे आंबेडकर जयंतीला येतो. 'या महिन्यात ओपीडी नाही, पुढच्या महिन्यात या' असे सांगितले, तर १० मार्चला आलेला रुग्ण थेट १२ मेला डॉक्टरांसमोर बसणार. हे अंतर ६३ दिवसांचे, आणि गोळ्या ३० दिवसांच्या. नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार बलिप्रतिपदेला आहे. तिथेही १३ ऑक्टोबर ते ८ डिसेंबर असे ५६ दिवस होतात. यात रुग्णाचा, नातेवाइकांचा किंवा डॉक्टरांचा काही दोष नाही. दोष पाटीचा आहे.

आम्ही तालुक्याच्या मानसोपचार ओपीडीत काम करणाऱ्या परिचारिका, समाजसेवा अधीक्षक आणि औषध निर्माण अधिकारी आहोत. कोणते औषध द्यावे, हा आमचा विषय नाही. ते औषध आणि पुढची तारीख यांची सांगड घालणे हे मात्र आमच्याच टेबलावर होते, म्हणून हे पत्र.

पाच दिवसांच्या खंडाने काय होते, हे औषधागणिक वेगळे असते, आणि तिथेच घोळ होतो. रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिन (भ्रम-भास होणाऱ्या आजारांची औषधे) पाच दिवस बंद राहिले, तर बहुतेक वेळा लगेच काहीच दिसत नाही. घरचे म्हणतात, 'गोळी नव्हती तरी चाललं की.' आजार उलटतो तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, आणि तोवर गोळ्यांशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या गोळ्यांचे उलटे. एक-दोन दिवस चुकले तरी गरगरते, मळमळते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. 'गोळीची सवय लागली' असा समज करून घेऊन माणूस ती कायमची सोडतो. चिंता आणि झोपेसाठीचे क्लोनाझेपाम बरेच महिने चालू असताना अचानक थांबले, तर झोप उडते, हातपाय थरथरतात, फिटही येऊ शकते. मनःस्थितीचे चढउतार आवरणारे लिथियम एकाएकी बंद केले की उन्माद परत येण्याचा धोका वाढतो. सर्वांत नाजूक आहे क्लोझापिन, म्हणजे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियाचे औषध. सलग ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर ते पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावे लागते. ३०० मिलिग्रॅमवर असलेला रुग्ण पाच दिवसांच्या खंडानंतर ओपीडीत आला आणि खिडकीवरून 'नेहमीचेच' घेऊन गेला, तर त्या रात्री रक्तदाब घसरून तो कोसळू शकतो. खिडकीवर 'मध्ये किती दिवस गोळी नव्हती?' हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात. तो आज कुठल्याच फॉर्मवर नाही.

आमची पहिली मागणी अशी : ओपीडी 'महिन्याच्या अमुक वारी' न ठेवता दर २८ दिवसांनी ठेवावी. पथक चार तालुक्यांत फिरत असेल, तर चार आठवड्यांचे चक्र आपोआप बसते. वर्षात तेरा फेऱ्या होतात. सध्या बारा होतात, कारण वर्षातले चार पाचवे मंगळवार (२०२६ मध्ये ३१ मार्च, ३० जून, २९ सप्टेंबर, २९ डिसेंबर) वेळापत्रकात कुठल्याच तालुक्याच्या वाट्याला येत नाहीत. ते बैठका आणि प्रशिक्षणात जातात. या चक्रात बैठकांना वेगळा वार शोधावा लागेल, हे खरे आहे. २८ दिवसांचा आणखी एक फायदा आहे. रोजच्या गोळ्यांऐवजी देतात ते दीर्घकाळ टिकणारे हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटचे इंजेक्शन चार आठवड्यांनी द्यायचे असते. तशाच फ्लुफेनाझिन डेकॅनोएटचे अंतर रुग्णानुसार दोन ते चार आठवड्यांचे ठेवतात. 'महिन्याचे इंजेक्शन' म्हणून ३५ दिवसांनी दिले, तर शेवटचा आठवडा कोरडा जातो.

वर्षभराच्या तारखा जानेवारीतच छापून प्रत्येक केसपेपरला लावता येतील. त्यात सुट्टी आली, तर ओपीडी अलीकडच्या दिवशी घ्यावी, पुढे ढकलू नये. पुढे ढकलली की गोळ्या संपतात, अलीकडे घेतली की दोन-चार उरतात.

दुसरी मागणी गोळ्यांच्या संख्येची. रोज एक गोळी असेल, तर पहिल्या वेळी चार स्ट्रिप, म्हणजे ४० गोळ्या द्याव्यात, आणि नंतर दर २८ दिवसांना तीन स्ट्रिप. पहिल्या फेरीनंतर बारा गोळ्या शिल्लक राहतात. एसटी चुकली, पूर आला, घरात मयत झाली, तरी दीड आठवड्याची सोय असते. पुढे प्रत्येक फेरीला दोन गोळ्या वाढत जातात. पाच फेऱ्यांनी दहा झाल्या, की एका वेळी एक स्ट्रिप कमी द्यायची. हिशेब असा ठेवला, तर स्ट्रिप कात्रीने कापावी लागत नाही. ही बारीकसारीक गोष्ट वाटेल. पण स्ट्रिप कापली की औषधाचे नाव आणि मुदत बहुधा दुसऱ्याच रुग्णाच्या तुकड्यावर गेलेली असते. मग घरी कागदाच्या पुडीत तीन प्रकारच्या पांढऱ्या गोळ्या एकत्र होतात आणि ट्रायहेक्सिफेनिडिल कुठली, रिस्पेरिडोन कुठली, हे सांगता येत नाही.

जास्तीच्या गोळ्या सर्वांना द्यायच्या नाहीत. ज्यांच्या मनात मरणाचे विचार आहेत किंवा ज्यांनी अलीकडे तसा प्रयत्न केला आहे, त्यांच्या घरात लिथियम, अमिट्रिप्टिलिन किंवा इमिप्रामिनचा साठा असणे धोक्याचे आहे. त्यांना ७ किंवा १४ दिवसांच्याच गोळ्या द्याव्यात आणि त्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात असाव्यात. मधली चिठ्ठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुरी करता आली पाहिजे. केसपेपरवर 'कमी गोळ्या' असा शिक्का पुरे. कारण तिथे लिहू नये, कारण तो कागद चार हातांतून फिरतो.

आता तारखांविषयी. सध्या सर्वांना एकच वाक्य ऐकवले जाते : 'एक महिन्याने या.' नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन नुकतेच सुरू झालेल्या माणसाला एक महिना फार लांब आहे. या औषधांचा त्रास आधी येतो आणि गुण नंतर. मळमळ, अस्वस्थपणा, झोप बिघडणे हे पहिल्या आठवड्यात, आणि मन हलके व्हायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त. याच मधल्या काळात लोक औषध सोडतात. म्हणून पहिली विचारपूस दोन आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. वय पंचविशीच्या आत असेल किंवा मरणाचे विचार असतील, तर एका आठवड्यात. त्यासाठी प्रत्येक वेळी रुग्णाने पन्नास किलोमीटर यायची गरज नाही. परिचारिकेचा फोन चालतो : गोळी चालू आहे का, पोटाचा त्रास आहे का, झोप किती, जेवण किती, आणि न बिचकता, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का. शेवटच्या प्रश्नाला 'हो' आले, की त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणे.

याउलट तीन-चार वर्षे स्थिर असलेल्या, त्याच डोसवर असलेल्या रुग्णालाही दर महिन्याला रांगेत उभे करतात. त्याची दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. त्याला तीन महिन्यांचे औषध द्यायला काय हरकत आहे? हिशेब मांडून बघा. समजा, चार तासांच्या ओपीडीत ८० रुग्ण येतात. प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. त्यांतले ५० स्थिर असतील आणि ते तीन महिन्यांतून एकदा आले, तर एका फेरीला त्यांच्यातले सतराच येतील. एकूण ४७ होतात, आणि प्रत्येकाला पाच मिनिटांहून थोडी जास्त मिळतात. नव्या रुग्णासाठी पाच मिनिटेही अपुरीच आहेत, पण तीनपेक्षा बरी. डोस गेल्या सहा महिन्यांत बदललेला नाही, रुग्ण कामावर किंवा घरकामात आहे, आणि घरच्यांनाही तो ठीक वाटतो, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की डॉक्टरांनी तीन महिन्यांची चिठ्ठी लिहावी. ज्यांच्या वजनाची, साखरेची किंवा रक्ताची तपासणी राहिली आहे, त्यांना ती होईपर्यंत नाही.

तपासण्यांचे वेळापत्रक हा तर स्वतंत्र गोंधळ आहे.

लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतलेल्या रक्तातच मोजायची असते. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त. प्रत्यक्षात रुग्ण सकाळची गोळी घेऊन निघतो, अकराला पोहोचतो आणि लगेच रक्त देतो. आकडा फुगलेला येतो. मग डोस कमी होतो आणि आजार डोके वर काढतो. त्याला आधीच्या तारखेलाच लिहून द्यायला हवे : 'रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घेऊ नका, सोबत आणा.' दुसरी चूक नळीची. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिनच असते. त्या नळीत घेतलेल्या रक्तात पातळी खोटी वाढून येते. साधी, गोठू देणारी नळी वापरावी, एवढे प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवले तरी भागेल. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी पातळी, आणि स्थिर झाल्यावर ठरावीक अंतराने. क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉईडची टीएसएच सहा महिन्यांनी. लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटरच्या दरम्यान हवी. १.५ च्या वर विषबाधेचा धोका असतो. हात जोराने थरथरणे, उलट्या, जुलाब, जीभ जड होणे, तोल जाणे ही लक्षणे दिसली, की पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय.

विदर्भ-मराठवाड्यात एक तपासणी उन्हाळ्याआधी, मार्चमध्येच उरकावी. अंगातले पाणी कमी झाले की लिथियम साचते. पायी वारीला निघणाऱ्यांना आणि रोजे धरणाऱ्यांना हे आधी सांगितले पाहिजे, कारण वारीत सुमारे तीन आठवडे आपली ओपीडी कुठे असणार? शिवाय त्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या खोलीत गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन लिहून दिले जाते. त्यानेही पातळी चढते. केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईत 'लिथियम चालू' लिहिलेले असेल, तर दुसरा डॉक्टर थांबेल.

क्लोझापिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात. म्हणून त्यावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला त्या पेशी मोजाव्यात, नंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे दर चार आठवड्यांनी, हा क्रम बरेच डॉक्टर पाळतात. महिन्याच्या ओपीडीत तो बसतच नाही. रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन अहवाल मोबाइलवर डॉक्टरांकडे जाईल, अशी सोय केल्याशिवाय क्लोझापिन तालुक्यात सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ताप किंवा घसादुखी आली, तर त्याच दिवशी पेशींची तपासणी. एकूण पांढऱ्या पेशी ३,००० च्या किंवा त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी १,५०० च्या खाली गेल्या, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन. बद्धकोष्ठता विचारायलाही विसरू नये. क्लोझापिनवर ती जिवावर बेतू शकते.

कोणतीही तपासणी असो, ती तारखेच्या आठवडाभर आधी, घराजवळ व्हायला हवी. रक्त ओपीडीच्या दिवशीच घेतले, तर अहवाल यायच्या आत डॉक्टर पुढच्या तालुक्याला निघालेले असतात, आणि अहवाल पुढच्या फेरीत जुना होऊन समोर येतो.

तारखेला न आलेल्यांचे काय? आज त्यांचा पत्ता लागतो तो घरातली माणसे त्यांना बांधून आणतात तेव्हा. ओपीडी संपल्यावर दहा मिनिटे काढून न आलेल्यांची यादी करावी. दुसऱ्या दिवशी फोन, सात दिवसांत निरोप नाही मिळाला तर आशा किंवा आरोग्यसेविकेची भेट. इंजेक्शनवाल्यांना सर्वांत आधी गाठावे, आणि डॉक्टरांची लेखी सूचना असेल तर इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यावे. नोंदणीच्या वेळी दोन मोबाइल क्रमांक घ्यावेत, कारण रिचार्ज संपला की क्रमांक बदलतो. फोन कुणाचा आहे आणि त्यावर काय बोललेले चालेल, हेही विचारावे. संदेशात 'मानसोपचार' हा शब्द नको. 'आपल्या तपासणीची तारीख मंगळवार, १२ मे, वेळ सकाळी १०' एवढे पुरे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे, आणि सुनेचा आजार सासरच्या फोनवरून गावभर झाल्यावर ती परत येईल, अशी अपेक्षा करू नये.

नातेवाईकच औषध घ्यायला येतो, यावर हरकत घेतली जाते. आमची घेऊ नये अशी विनंती आहे, पण दर तिसऱ्या फेरीला रुग्ण स्वतः दिसला पाहिजे. ते जमत नसेल, तर व्हिडिओवर. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासले असेल, तर दूरस्थ सल्ला फॉलोअपमध्ये, म्हणजे आधीच्या तपासणीच्या पुढच्या भेटीत, धरता येतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दिवाळीच्या आधीची फेरी सर्वांत महत्त्वाची. टोळी निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत ते गाव सोडून असतात. त्यांना कोणत्या कारखान्याच्या भागात जाणार हे विचारून तिथल्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी, औषधाचे नाव आणि डोस लिहिलेला कागद आणि स्थिर असतील तर तीन महिन्यांचे औषध द्यावे. 'गावी आल्यावर भेटा' हे उत्तर म्हणजे पाच महिन्यांचा खंड.

आता साठ्याकडे येतो, कारण साठा नसेल तर वरचे सगळे वाया जाते. मागणी बहुधा मागच्या काही महिन्यांच्या वाटपावरून काढली जाते. ज्या महिन्यात औषध नव्हते, त्या महिन्यात वाटप शून्य दिसते. सरासरी घसरते, पुढची मागणी आणखी कमी होते. टंचाई स्वतःलाच खतपाणी घालत राहते. मागणी रुग्णांच्या नोंदवहीवरून काढावी. उदाहरणार्थ, ६० रुग्ण रोज सरासरी ४ मिलिग्रॅम रिस्पेरिडोनवर असतील आणि गोळी २ मिलिग्रॅमची असेल, तर ३५ दिवसांना ६० × २ × ३५ = ४,२०० गोळ्या लागतात. पाव हिस्सा राखीव धरला, तर ५,२५०. आणि गोळीची ताकद बदलून आली, दोनऐवजी चारची आली, तर पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'आता एकच गोळी' असे लिहायलाच हवे. लोक मिलिग्रॅम लक्षात ठेवत नाहीत, गोळ्या मोजतात.

हे सारे रुग्णाच्या हातात पोहोचावे म्हणून एक साधे कार्ड हवे. त्यावर दोन तारखा असाव्यात : पुढची भेट आणि गोळ्या कधीपर्यंत पुरतील ती. दुसरी तारीख पहिलीच्या आधी येत असेल, तर कार्ड भरणाऱ्यालाच ते जागच्या जागी दिसेल. खाली कोणती तपासणी, कुठे, कोणत्या दिवशी, त्या सकाळी कोणती गोळी घ्यायची नाही, आमचा दूरध्वनी, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६, जो चोवीस तास चालू असतो.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम १८ मध्ये आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सर्व वेळी मोफत मिळावीत, असे म्हटले आहे. 'सर्व वेळी' यात एप्रिलचा दुसरा मंगळवारही येतो.

२८ दिवसांच्या चक्राला शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही, असे आम्हाला वाटते; जिल्हा पातळीवरचे कार्यालयीन आदेश पुरावेत. अडचण आहे ती एका ठिकाणी. २८ दिवसांच्या चिठ्ठीवर ४० गोळ्या दिल्या, की लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि त्याचे उत्तर औषध निर्माण अधिकाऱ्याला द्यावे लागते. तोंडी 'द्या हो' वर कुणी सही करणार नाही. म्हणून आदेशात तीन गोष्टी लेखी असाव्यात : पहिल्या वेळी ४० गोळ्या, स्थिर रुग्णांना तीन महिन्यांचे औषध, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून मधली चिठ्ठी पुरी करण्याची मुभा. बाकीचे आमच्या टेबलावर सोपवा.

आपले विश्वासू,
तालुका मानसोपचार ओपीडीतील परिचारिका, समाजसेवा अधीक्षक व औषध निर्माण अधिकारी